‘सीटी किती आला?’ : क्यूपीसीआर शिकतानाचे माझे घोटाळे

क्यूपीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवत वाढवत नमुन्यात एखाद्या जीनचा माल मुळात किती होता ते मोजायची पद्धत. तिच्या पहिल्याच प्लेटचा निकाल मी उलटा सांगितला. एमएस्सी बायोटेक करून पुण्यातल्या एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले, त्याला तीन आठवडे झाले होते. काम हरभऱ्यावरचं. पाणी तोडलेल्या रोपांमध्ये एक जनुक किती जास्त चालू होतं, ते बघायचं. पाणी दिलेल्या रोपांचा सीटी २६ आला, तहानलेल्या रोपांचा २४. मीटिंगमध्ये मी ठणकावून सांगितलं, "पाणी तोडल्यावर हे जीन साधारण आठ टक्क्यांनी कमी होतंय." सर काहीच बोलले नाहीत. शेजारची सिनियर ताई हळूच म्हणाली, "अगं, चौपट वाढलंय ते. मीटिंग झाली की थांब."

एका वाक्यात दोन चुका होत्या. आकडा लहान म्हणजे माल जास्त, हे मला पाठ होतं, पण ऐन वेळी डोकं उलटं चाललं. दुसरी चूक जास्त खोल होती: मी सीटीला प्रमाण समजत होते, आणि तो प्रमाण नाही. पीसीआरच्या प्रत्येक फेरीत डीएनएच्या प्रती जवळपास दुप्पट होतात आणि त्यांच्याबरोबर चमकही वाढते. ती चमक आपण आखलेली थ्रेशोल्डची रेघ कितव्या फेरीत ओलांडते, तो आकडा म्हणजे सीटी. दोन फेऱ्यांचा फरक म्हणजे दोनदा दुप्पट, चौपट. दहापटीसाठी ३.३२ फेऱ्या लागतात, दहा फेऱ्यांत १०२४ पट. त्यामुळे २६ वर २४ ची टक्केवारी काढण्याला काही अर्थच नाही.

ताईनं तेव्हा एसटीचं उदाहरण दिलं होतं, ते अजून उपयोगी पडतं. स्टँडवर गाडी किती वाजता लागली एवढंच तुम्हाला दिसतं. लवकर लागली तर ती जवळून सुटली असणार, उशिरा लागली तर लांबून. पण हे कधी खरं? सगळ्या गाड्या एकाच वेळी सुटल्या, सारख्या वेगानं आल्या आणि वाटेत कुणाचं चाक पंक्चर झालं नाही, तरच. क्यूपीसीआर शिकणं म्हणजे बहुतांशी या तीन ‘तरच’चा पाठपुरावा करणं.

नावांचा गोंधळ आधी उरकते. सीटी, सीपी, सीक्यू हे सगळं एकच. मशीन बनवणाऱ्यांनी आपापली नावं ठेवली होती. २००९ मध्ये स्टीफन बस्टिन आणि सहकाऱ्यांनी एमआयक्यूई ही मार्गदर्शक तत्त्वं मांडली, त्यात सगळ्यांसाठी सीक्यू हे नाव सुचवलं. पेपरमध्ये सीक्यू लिहा. लॅबमध्ये सगळे सीटीच म्हणतात, मीही म्हणते. आणि आरटीपीसीआरमधला ‘आरटी’ म्हणजे रिअल टाइम नव्हे, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे आरएनएपासून डीएनए (सीडीएनए) करणं. जनुक जितकं चालू, तितकं त्याचं आरएनए जास्त, म्हणून आधी ते काढायचं. मुलाखतीत हे हमखास विचारतात.

आता माझा सगळ्यात महागात पडलेला घोटाळा. तुलनेसाठी एक रेफरन्स जीन लागतं, ज्याचं प्रमाण कुठल्याही रोपात सारखं राहील असं मानायचं. मी १८एस घेतलं, कारण जुन्या प्रबंधांत ते दिसलं होतं. हे रायबोसोमचं आरएनए पेशीत इतकं भरमसाट असतं की त्याचा कर्व्ह, म्हणजे फेरीगणिक चमकीचा आलेख, नवव्या फेरीतच वर निघाला. आमच्या मशीनवर बेसलाइन ३ ते १५ अशी आधीपासून लावलेली होती. बेसलाइन म्हणजे काहीच घडत नसतानाची चमक. सॉफ्टवेअर ती पार्श्वभूमी धरून वजा करतं. माझ्या नमुन्यांत तर नवव्या फेरीपासून खरा माल वाढत होता, आणि सॉफ्टवेअर तोच पार्श्वभूमी समजून कापत होतं. कर्व्ह शून्याखाली बुडी मारून मग वर यायचे आणि सीटी कधी १४, कधी १७, काहीही. तीन आठवडे मी आरएनए पुन्हापुन्हा काढत बसले. आरएनए ठणठणीत होतं. कर्व्ह उघडून बघायचं मात्र सुचलं नाही, कारण मी सरळ एक्सेलची फाइल घ्यायचे आणि त्यात फक्त आकडे असतात.

तेव्हापासून सवय लावून घेतली. रन संपला की आधी कर्व्ह, तेही लॉग स्केलवर. खरी दुपटीची वाढ तिथे सरळ तिरक्या रेघेसारखी दिसते, आणि थ्रेशोल्ड त्या सरळ भागातच बसवायचा. खाली घेतला तर गोंगाटात अडकतो. वर नेला तर जिथे रसद संपून कर्व्ह वाकायला लागतो तिथे जातो. बेसलाइन पहिला कर्व्ह वर निघायच्या एकदोन फेऱ्या आधी थांबवायची. थ्रेशोल्ड हलवला की सगळे सीटी हलतात, म्हणून एकाच जीनच्या सगळ्या प्लेटना एकच थ्रेशोल्ड आणि तो वहीत लिहिलेला. वहीत नसेल तर सहा महिन्यांनी तुमचाच आकडा तुम्हाला परका वाटतो.

१८एस सोडून मी जीएपीडीएच घेतलं, तर तेही डगमगायला लागलं. ते साखर जाळणाऱ्या साखळीतलं एन्झाइम. तहानलेल्या रोपात तीच साखळी बदलते, मग ते जागच्या जागी कसं राहणार? ‘हाउसकीपिंग’, म्हणजे पेशीची रोजची कामं करणारं जीन, हे नाव ऐकून मी भुलले होते. शेवटी पाच जीन्स आमच्याच रोपांवर तपासली आणि त्यातली दोन स्थिर निघाली ती घेतली. हे काम सुरुवातीलाच करा. नंतर करायचं म्हणजे सगळ्या प्लेट पुन्हा.

आता वेग, म्हणजे एफिशियन्सी. ‘दर फेरीला दुप्पट’ ही आदर्श गोष्ट आहे. तुमचे प्रायमर (कुठल्या जीनच्या प्रती काढायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) तेवढे कष्टाळू आहेत का, हे स्टँडर्ड कर्व्ह काढल्याशिवाय कळत नाही. सीडीएनएचं दहापट-दहापट डायल्यूशन पाच पायऱ्यांपर्यंत करायचं, सीटी विरुद्ध प्रमाणाचा लॉग असा आलेख काढायचा आणि उतार बघायचा. उणे ३.३२ म्हणजे शंभर टक्के. साधारण उणे ३.६ ते उणे ३.१, म्हणजे ९० ते ११० टक्के, चालतं. ११० पाहून खूश होऊ नका. दुपटीहून जास्त वाढ होत नाही, तेव्हा पिपेटिंग चुकलंय किंवा घट्ट नमुन्यात काहीतरी अडथळा आहे. वेगातला थोडा फरक किती फुगतो बघा. १०० टक्क्यांना दहा फेऱ्यांत १०२४ पट, तर ९० टक्क्यांना ६१३ पट. तीस फेऱ्यांनंतर ९० टक्क्यांवाला शंभरवाल्याच्या साधारण एक पंचमांश उरतो.

हिशेब एकदा हातानं करा. समजा आपल्या जीनचा सीटी पाणी दिलेल्या रोपांत २६.३ आणि तहानलेल्यांत २४.१, रेफरन्सचा १८.१ आणि १८.०. प्रत्येकातून रेफरन्स वजा केला की ८.२ आणि ६.१, हे डेल्टा सीटी. फरक २.१, आणि दोनाचा २.१ वा घात म्हणजे ४.३ पट. ही लिव्हाक आणि श्मिटगेन यांची २००१ मधली डेल्टा-डेल्टा पद्धत. ती दोन्ही प्रायमर शंभर टक्क्यांच्या आसपास आहेत असं गृहीत धरते. माझ्या एका प्रायमरची एफिशियन्सी ८५ टक्केच होती. त्याच वर्षी फाफ्लनं दिलेल्या सूत्रात ती घातली की वरचं उत्तर ३.६ वर येतं. आणि टी-टेस्ट वगैरे डेल्टा सीटीवर करा, पटीच्या आकड्यांवर नको. एकाच रोपाचे तीन वेल (प्लेटवरचे खळगे) म्हणजे तीन रोपं नव्हेत, हेही रिव्ह्यूअरनं सांगायच्या आधी कळलेलं बरं.

पंक्चरची गोष्ट राहिली. झाडाच्या पानात पॉलिफिनॉल आणि पॉलिसॅकराइड असतात, आरएनए काढताना फिनॉल, ग्वानिडीन, इथेनॉल मागे राहतं. हे सगळे पीसीआरच्या एन्झाइमची वाट अडवतात. माल भरपूर असूनही सीटी उशिरा येतो आणि आपण म्हणतो, जीन बंद आहे. तपासणी सोपी आहे. नमुना दहापट पातळ करा. सीटी ३.३ नं वाढायला हवा. एक-दीडनंच वाढला किंवा उलट कमी झाला, तर अडथळा होता आणि पाण्यानं तोही पातळ झाला. माझ्या जून पानांच्या नमुन्यांत असंच निघालं.

३५ च्या पुढच्या सीटीबद्दल ताईचा नियम होता: आधी संशय, मग आनंद. तिथे वेलमध्ये मुळात मोजक्याच प्रती असतात. सरासरी एक प्रत पडावी इतकं पातळ द्रावण असेल, तर निव्वळ नशिबानं साधारण ३७ टक्के वेलमध्ये एकही पडत नाही. मग तीन वेल ३५.२, ३७.१ आणि ‘अनडिटरमाइंड’ असे येतात, आणि त्यात तुमच्या हाताचा दोष नसतो. ‘अनडिटरमाइंड’च्या जागी गुपचूप ४० लिहून सरासरी काढू नका, मी काढली होती, पकडली गेले. अशा वेळी एनटीसी, म्हणजे नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेला वेल, काय म्हणतो ते बघा. नमुना २४ आणि एनटीसी ३८ असेल तर मध्ये चौदा फेऱ्या, म्हणजे सोळा हजार पट अंतर आहे, झोप लागेल. नमुना ३५ आणि एनटीसी ३६ असेल तर तुमच्याकडे निकाल नाही. सायबर ग्रीन (कुठल्याही दुपदरी डीएनएला चिकटून चमकणारा रंग) वापरत असाल तर मेल्ट कर्व्ह, म्हणजे तापवल्यावर तयार झालेला डीएनए कधी सुटतो त्याचा आलेख, बघा, बरेचदा प्रायमरच एकमेकांना चिकटलेले असतात. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेला वेलही लावा, नाहीतर आरएनएबरोबर आलेला जीनोमिक डीएनए तुम्ही जीनचा आविष्कार म्हणून मोजाल.

हे सगळं कळू लागलं होतं तेव्हा कोविड आला आणि सीटी हा शब्द घराघरांत पोचला. एप्रिल २०२१ मध्ये लातूरहून मामांचा फोन आला, आवाज घाबरलेला. "अगं, सीटी सतरा आलाय. पंचवीसपैकी सतरा म्हणजे लईच झालं ना?" मी रिपोर्टचे फोटो मागवले. सतरा हा स्वॅबचा सीटी होता. पंचवीसपैकीचा तो छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा स्कोअर, आणि तो त्यांचा सहा होता. एक आकडा वाढला की वाईट, दुसरा कमी झाला की विषाणू जास्त, आणि दोघांना लोक सीटीच म्हणत होते. मामांना मी म्हटलं, सतरावरून आजार किती मोठा ते ठरत नाही. स्वॅब नीट घेतला का, कितव्या दिवशी घेतला, किटनं कोणतं जीन मोजलं, यावर तो आकडा हलतो. ऑक्सिजन बघत राहा. त्याच सुमारास राज्याच्या आरोग्य विभागानं आयसीएमआरला विचारलं होतं की पॉझिटिव्हची मर्यादा २४ वर आणावी का. आयसीएमआरनं ३५ कायम ठेवायला सांगितलं. २४ आणि ३५ मध्ये अकरा फेऱ्या, म्हणजे सुमारे दोन हजार पट; तेवढ्या पट्ट्यातले सगळे रुग्ण एका फटक्यात ‘निगेटिव्ह’ झाले असते.

आता लॅबमध्ये मला ताई म्हणतात. परवा नव्या मुलीनं व्हॉट्सॲपवर एक्सेलचा फोटो पाठवला. "ताई, सीटी ३४.६ आलाय, चांगला आहे ना?" मी विचारलं, कर्व्ह कुठे आहेत आणि एनटीसी किती? बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं, "एनटीसीचे वेल नमुन्यांना वापरले, जागा पुरत नव्हती." सोमवारी प्लेट पुन्हा लावतोय. या वेळी कोपऱ्यातले तीन वेल मी आधीच मार्करनं खुणा करून ठेवलेत.