विकलेला माल परत करताना: बिल, मुदत आणि काउंटरवरचं बोलणं

बिलाच्या तळाशी एका कोपऱ्यात छापलेलं असतं 'चूकभूल द्यावी घ्यावी' आणि दुसऱ्या कोपऱ्यात 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. म्हणजे चूक देऊ-घेऊ, माल मात्र घेणार नाही! ही दुसरी ओळ वाचून बरेच जण दुकानाची पायरीच चढत नाहीत, आणि जे चढतात ते भांडायच्या तयारीने. दोघांचंही चुकतं एकाच ठिकाणी. आधी ठरवायचं असतं ते हे, की वस्तू सदोष आहे की नुसती नकोशी झाली आहे.

नकोशी म्हणजे घरी आल्यावर रंग आवडला नाही, माप चुकलं, तसाच मिक्सर कुणीतरी आहेरात दिला. इथे कायदा तुमच्या बाजूने बोलत नाही. दुकानदाराने बदलून दिलं तर ती त्याची रीत, आणि अटीही त्याच्याच: सात दिवसांत, टॅग असलेला, बिलासह, पैसे नाहीत पण क्रेडिट नोट, म्हणजे त्याच दुकानात तेवढ्याच रकमेची खरेदी करायची चिठ्ठी. तिथे गोड बोलून जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं.

सदोष वस्तूचं तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर तेवढ्या दिवसांत, लिहिली नसेल तर ३० दिवसांत माल परत घ्यायला हवा. 'परत घेतला जाणार नाही' ही मुदत नव्हे, तो सरळ नकार आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने १९९९ मध्येच राज्यांना कळवलं होतं की बिलावर अशी ओळ छापणं योग्य नाही. तरी ओळ टिकून आहे, कारण ती वाचून लोक परत फिरतात, आणि दुकानदाराला तेवढंच हवं असतं.

बिलावर काय लिहून घ्यायचं

पुढची सगळी लढाई बिलावर होते, म्हणून पैसे देण्याआधी बिल वाचा. 'साडी १ नग' किंवा 'मोबाइल १' असं बिल असेल तर उद्या कुठली साडी, कुठला मोबाइल, हे सिद्ध करत बसावं लागतं. 'हातमाग पैठणी' म्हणून सांगितली असेल तर बिलावर 'हातमाग पैठणी' हेच शब्द यायला हवेत. घरी आल्यावर ती यंत्रमागाची निघाली, तर जे सांगून विकलं ते दिलं नाही, एवढं दाखवायला तीच ओळ पुरते. इलेक्ट्रॉनिक वस्तूवर सिरियल नंबर, मोबाइलवर आयएमईआय नंबर हवा, आणि तो खोक्यावरच्या नंबरशी तिथेच जुळवून बघायचा.

'पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा लागेल' हे वाक्य मुंबईत कुठल्याही बाजारात ऐकू येतं. टीव्ही-मोबाइलवर १८ टक्के म्हणजे मोह होतोच. पण कच्च्या चिठ्ठीवर कंपनी वॉरंटी मोजत नाही आणि दुकानदार 'ही आमची नाहीच' म्हणायला मोकळा. बिल न देणं हीसुद्धा कायद्याच्या यादीत अनुचित प्रथाच आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराला २०० रुपयांखालच्या किरकोळ विक्रीवर वेगळं बिल न देण्याची सवलत आहे. तरी गिऱ्हाइकाने मागितलं तर तेही द्यावंच लागतं.

बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा. मॉलमधली गुळगुळीत कागदाची पावती उष्णतेने उमटवलेली असते, शाई नसतेच. पाकिटात घामाने, लोकलच्या गर्दीत, किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ती काही महिन्यांत कोरी होते. वॉरंटी दोन वर्षांची आणि पावती सहा महिन्यांची, असला प्रकार.

फूटपाथवरच्या खरेदीबद्दल एवढंच: फॅशन स्ट्रीट किंवा लिंकिंग रोडच्या गाळ्यावर बिल मिळत नाही, तेव्हा शिवण, चेन, बटणं तिथेच उजेडात ओढून बघा. ओळखीच्या गाळेवाल्याने दुसऱ्या दिवशी बदलून दिलं तर त्याची मर्जी.

साडी

लग्नसराईत दादरला सर्वात जास्त वाद साड्यांवरून होतात, आणि बहुतेक टाळता येण्यासारखे असतात. दुकानात पदर पसरून दाखवतात, काठ दाखवतात, मग घडी होते. दोष असतो तो मधल्या भागात. साडी महिनोन्‌महिने एकाच घडीवर पडून राहिली की टिश्यू, ऑर्गंझा आणि जरीचं कापड घडीच्या रेषेवर विरतं. त्यामुळे साडेपाच मीटर पूर्ण उलगडायला सांगा, घडीची प्रत्येक रेषा प्रकाशासमोर धरा, ब्लाउजपीस जोडलेलं आहे का बघा. पैठणीची उलटी बाजू बघा. हातमागावरच्या पैठणीचा पदर मागूनही स्वच्छ दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. रंग मात्र दुकानाच्या दिव्यांत ठरवू नका, दाराशी नेऊन बघा. विक्रेता कंटाळतो, कंटाळू दे.

घरी आल्यावर पहिला नियम: फॉल-पिको लगेच नको, ब्लाउजपीस कापू नका. एकदा सुई लागली की दुकानदार हात वर करतो, आणि नकोशा साडीच्या बाबतीत त्याचं बरोबरही आहे. सुती साडीचा रंग जातो का, हे आतल्या टोकाला ओला पांढरा रुमाल दोन मिनिटं दाबून कळतं. धुतल्यानंतर तक्रार केलीत तर पहिला प्रश्न येणार, 'ताई, कशात धुतलीत?'

बदली करायची वेळही बिलावर किंवा भिंतीवर लिहिलेली असते: 'बदली दुपारी १२ ते ४, रविवारी नाही.' ही अट नकोशा मालाला चालते. फाटक्या साडीला 'उद्या दुपारी या' म्हटलं तर जायला हरकत नाही, पण आज येऊन गेल्याची तारीख बिलाच्या मागे लिहून सही घ्या, म्हणजे मुदत उलटल्याची सबब उद्या निघणार नाही.

टीव्ही, फ्रिज, मोबाइल

माल घरी आला की टेम्पोवाला चलन पुढे करतो, त्यावर 'माल सुस्थितीत मिळाला' छापलेलं असतं. तो घाईत असतो, खाली गाडी नो-पार्किंगमध्ये असते. तरी खोक्याच्या चारही बाजू बघा. कोपरा दबला असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: 'खोका उजव्या कोपऱ्यात दबलेला, आतला माल तपासलेला नाही.' त्या चलनाचा फोटो घ्या. टीव्हीच्या पॅनेलला गेलेला तडा वॉरंटीत सहसा बसत नाही, त्यामुळे तो वाटेत गेला की भिंतीवर लावताना, यावरच सगळं ठरतं.

टीव्ही, वॉशिंग मशीन, एसी यांचं खोकं स्वतः उघडू नका. कंपनीचा माणूस येऊन उघडेल, जोडेल, आणि सुरूच झालं नाही तर त्याच्याकडून जॉबशीट, म्हणजे भेटीत काय आढळलं त्याची लेखी नोंद, घ्या. त्यावर दोष स्पष्ट शब्दांत हवा. 'तपासलं' एवढंच लिहून देत असेल तर सही करू नका. 'कॉम्प्रेसर चालू होत नाही', 'पॅनेलवर उभी रेघ' असं लिहून घ्या. नवीन वस्तू पहिल्या काही दिवसांत बंद पडली तर सर्व्हिस सेंटर 'डीओए' म्हणजे आल्यापासूनच बंद असल्याचा दाखला देतं, आणि त्यावर दुकान नवीन नग देतं. हा दाखला मिळण्याची मुदत कंपनीगणिक वेगळी आणि बरेचदा फार थोडी असते, म्हणून वस्तू आणून 'पाडव्याला लावू' म्हणत ठेवून देणं अंगाशी येतं.

एकदा दुरुस्तीला होकार दिलात की बदलून मिळण्याची गोष्ट मागे पडते. आठवड्याच्या आत बंद पडलेल्या वस्तूला 'सोडा, पार्ट बदलून देतो' म्हणाले, तर आधी बदली मागा. नाहीच दिली तर जॉबशीटवर 'ग्राहकाने बदली मागितली' हे लिहून मगच वस्तू द्या. दुकानदार 'कंपनीकडे जा' म्हणेल, कंपनी 'दुकानात जा' म्हणेल. पैसे तुम्ही दुकानदाराला दिलेत, त्यामुळे तो बाजूला होऊ शकत नाही. दोघांनाही एकाच पत्रात धरायचं.

काउंटरवर

रविवारी संध्याकाळी जाऊ नका. आडवारी सकाळी, दुकान उघडून अर्धा-एक तास झाला की जा, तेव्हा मालक गल्ल्यावर निवांत असतो. काउंटरवरच्या पोऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात काही नसतं.

'काका, मंगळवारी हा मिक्सर नेला होता. भांडं लावलं की गळतो. हे बिल, हा व्हिडिओ.'
'बिलावर लिहिलंय ना, माल परत नाही.'
'आवडला नाही म्हणून नाही आणला काका, बिघडलेला निघाला. बदलून द्या नाहीतर पैसे द्या. आणि नाही म्हणत असाल तर बिलाच्या मागे तसं लिहून सही द्या.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. सही सहसा मिळत नाही, पण बोलणं बहुतेक वेळा तिथून वळतं. आवाज चढवला की मात्र बाकी गिऱ्हाइकांपुढे मालकाचा अहंकार जागा होतो आणि मिळणारं हातचं जातं.

सदोष मालावर क्रेडिट नोट घ्यायची सक्ती नाही. घेतलीच तर तिची मुदत, ती कुठल्या शाखांत चालते आणि अर्धी वापरली तर उरलेली रक्कम टिकते का, हे तिच्यावरच लिहून घ्या. पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत यावेत: कार्डने दिले तर कार्डवर, यूपीआयने दिले तर त्याच खात्यात. 'दोन-चार दिवसांत जमा होतील' यावर निघू नका. कार्ड असेल तर रिफंडची पावती, यूपीआय असेल तर व्यवहाराचा १२ अंकी नंबर घ्या. तो नसेल तर बँक काही शोधू शकत नाही. हप्त्यांवर घेतलेली वस्तू परत केली तर बँकेचं कर्जही बंद झालं का ते बघावं लागतं. दुकानाने पैसे दिले तरी हप्ता चालू राहतो असं होतं, आणि प्रोसेसिंग फी सहसा परत मिळत नाही.

ऑनलाइन

इथे ग्राहकाची बाजू थोडी भक्कम आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा नकली वस्तूच नव्हे, तर जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळी किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर आलेली वस्तूही परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. उशीर हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तेवढा अपवाद. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. चॅटवरच्या आपोआप उत्तरांशी दिवसभर झगडण्यापेक्षा ॲपच्या तळाशी दडवलेला या अधिकाऱ्याचा ईमेल शोधा.

मुंबईत पार्सल वॉचमनच्या टेबलावर पडून राहतं, आणि ओटीपी फोनवरच दिला जातो. ओटीपी दिला म्हणजे वस्तू मिळाली, हे कंपनीच्या लेखी पक्कं. महागाची वस्तू असेल तर घरी कोणी असतानाच मागवा. उघडतानाचा व्हिडिओ एका सलग तुकड्यात हवा: आधी सहाही बाजू, मग पत्त्याचं लेबल वाचता येईल असं, मग कापणं. मध्ये थांबवून पुन्हा सुरू केलेला व्हिडिओ मानत नाहीत. परत देताना वस्तू पिशवीत टाकण्याआधी सिरियल नंबरसकट फोटो काढा. 'तुम्ही वेगळीच वस्तू परत पाठवली' हे उत्तर अधूनमधून येतं.

नाहीच ऐकलं तर

आधी पत्र. दुकान आणि कंपनी दोघांना, स्पीड पोस्टने पोचपावतीसह, आणि ईमेलवरही. वकील लागत नाही, लांबण लावू नका:

'दिनांक ... रोजी बिल क्र. ... ने आपल्याकडून ... (सिरियल नं. ...) रु. ... ला खरेदी केले. दिनांक ... पासून त्यात ... हा दोष आहे. दिनांक ... रोजी दुकानात कळवूनही आपण बदलून दिले नाही. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी, अन्यथा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यात येईल.'

सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं, नोंदीचा नंबर मिळतो. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती कंपनीला कळवून पाठपुरावा करते. मोठ्या ब्रँडवर त्याचा परिणाम होतो, गल्लीतल्या दुकानावर फारसा नाही. सल्ला हवा असेल तर १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीचं ग्राहक भवन विलेपार्ल्यात आहे.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. डोंबिवलीत राहून नरिमन पॉइंटला नोकरी करणाऱ्याला दोन्हीपैकी सोयीचं निवडता येतं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. दोष उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही होते. आयोग दुरुस्ती, बदली, व्याजासह पैसे आणि भरपाई असं काहीही देऊ शकतो. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने धरले आहेत. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेव्हा तीनशे रुपयांच्या चपलेसाठी तिथवर जायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

तक्रार केल्यावर वस्तू वापरू नका आणि बाहेरच्या मेकॅनिकला उघडू देऊ नका. आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि सील तुटलेलं दिसलं की समोरचा वकील पहिल्यांदा त्याच्यावरच बोट ठेवतो. खोकं, थर्माकोल आणि टॅगसकट बांधून माळ्यावर ठेवा.