ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागल्यावर या चुका टाळा

चालत्या पिकअपच्या मीटरवर किटलीच्या आकाराचा लाल दिवा लागला की बरेच चालक त्याचा अर्थ ‘ऑइल थोडे कमी झाले आहे, पुढे कुठेतरी टाकू’ असा घेतात, आणि सर्वांत महागात पडणारी चूक नेमकी इथे होते. बहुतेक गाड्यांमध्ये हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेला प्रेशर स्विच साधारणपणे दाब ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावर दिवा लावतो. चांगल्या स्थितीतल्या गरम इंजिनात आयडलिंगला (रेस न देता इंजिन चालू असताना) साधारण १ बार आणि २००० आरपीएमला २ ते ३ बार किंवा त्याहून अधिक दाब असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. याचा अर्थ, दिवा लागतो तेव्हा दाब कमी होऊ लागलेला नसतो, तो जवळजवळ संपलेला असतो.

क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणि तिचे बेअरिंग यांच्यामध्ये केसाच्या जाडीइतकी फट असते आणि त्या फटीत दाबाने भरलेल्या ऑइलच्या थरावर क्रँक अक्षरशः तरंगत असते. तो थर गेला की धातू धातूवर घासतो, आणि मागे टनभर माल असलेल्या चढावरच्या गाडीत बेअरिंग जळायला एखाद-दोन मिनिटेही पुरतात. टर्बो असेल तर त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत असल्याने त्याची झीज आधीच सुरू झालेली असते. म्हणून पुढचा ढाबा, पुढचा पंप, घाटमाथा असा कोणताही हिशेब न करता गाडी सुरक्षितपणे कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. मात्र उतारावर गाडी धावत असताना चावी फिरवू नये, कारण इंजिन थांबताच पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकला मिळणारी मदत जाते. आधी गाडी थांबवावी, हँडब्रेक ओढावा, चाकामागे दगड लावावा. त्यानंतर ‘दिवा जातो का पाहू’ म्हणून पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणे आणि रेस देऊन पाहणे हीही चूकच आहे. टोचन करून नेण्याचा खर्च क्रँक घासून इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे फार लहान असतो.

गेल्या पावसाळ्यात नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज घाटातून कल्याणकडे निघालेली एक पिकअप आमच्या गॅरेजमध्ये टोचन करून आली. त्या आठवड्यात तिचा प्रेशर स्विच दोनदा बदलला होता, ऑइलची पातळी बरोबर होती आणि दुसऱ्या एका गॅरेजमध्ये मालकाला ‘इंजिन उघडावे लागेल’ असे सांगितले गेले होते. गाडीखाली झोपून पाहिल्यावर ऑइल चेंबरच्या (इंजिनाखाली ऑइल साठते त्या भांड्याच्या) तळाला बशीएवढा पोचा दिसला. शेतातल्या वाटेवर वर आलेला एखादा दगड लागला असावा. चेंबर उतरवला तेव्हा पोच्याच्या आतल्या बाजूस गोल, घासून चकचकीत झालेली खूण होती, पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो, अगदी तिच्या मापाची. वर आलेल्या तळाने जाळीचे तोंड जवळजवळ बंद केले होते. आयडलिंगला पंपाला जेमतेम पुरत होते, पण चढावर जास्त ऑइल लागताच त्याचा घसा कोरडा पडत होता. चालकाने पहिल्या मिनिटात इंजिन बंद केल्यामुळे बेअरिंग वाचले होते.

या गाडीत आधी झालेली चूक सगळीकडे होते, ती म्हणजे दाब न मोजता स्विच बदलणे. स्विच खराब होतो, हे खरे आहे. त्याच्या कनेक्टरमध्ये ऑइल पाझरलेले दिसले तर संशय रास्त आहे. चावी ऑन करून, इंजिन सुरू न करता, स्विचची वायर काढावी. सिंगल वायरच्या साध्या स्विचमध्ये वायर काढूनही दिवा तसाच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. दिवा विझला तर वायर ठीक आहे एवढेच कळते, दाबाबद्दल काहीच कळत नाही. दाब मेकॅनिकल गेजनेच कळतो. स्विच काढून त्याच्या जागी योग्य आट्यांचा अडॅप्टर आणि गेज बसवायला अर्धा तास पुरतो, आणि पुढचे सगळे निर्णय त्या काट्यावर अवलंबून असतात. या अर्ध्या तासाची कसूर कोणीही करू नये, असे मला मनापासून वाटते.

गेज लावण्याआधी मात्र ऑइलची पट्टी नीट वाचावी. गाडी सपाट जागी उभी करून दहा मिनिटे थांबावे, पट्टी पुसून पुन्हा बुडवावी. अनेक इंजिनांत किमान आणि कमाल खुणांमध्ये सुमारे एक लिटरचा फरक असतो, म्हणून पट्टी कोरडी आली तर कमतरता एक लिटरहून मोठी असू शकते. अशा वेळी वळणावर किंवा ब्रेक मारताना ऑइल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो आणि दिवा लुकलुकतो. पातळी बरोबर दिसली म्हणून लगेच पुढे जाऊ नये. पट्टीवरचे ऑइल बोटांत चोळावे आणि हुंगावे. डिझेलचा वास येत असेल आणि पातळी खुणेच्या वर गेली असेल, तर ऑइलमध्ये डिझेल उतरून ते पातळ झाले आहे. गळणाऱ्या इंजेक्टरमुळे असे होते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) जाळून साफ होण्याची प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिल्यानेही होते. ऑइल दुधाळ चहासारखे दिसत असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलरमधून पाणी आत आले आहे. या दोन्ही स्थितींत नुसते ऑइल बदलून गाडी परत देणे म्हणजे आठवड्याभराने तोच दिवा पाहणे.

गेजचा काटा वाचताना दाब कसा गेला, याला सर्वाधिक महत्त्व द्यावे. थंड इंजिनात दाब चांगला, गरम झाल्यावर आयडलिंगला हळूहळू महिन्यागणिक कमी होत गेलेला आणि लोडवर खालून ठोके, असे असेल तर बेअरिंगची झीज धरावी. पण काल ठीक असलेला दाब आज एकदम गेला, तर बेअरिंगच्या आधी पंपाच्या आसपास पाहावे. जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमध्ये एखादा कण अडकून तो उघडाच राहतो आणि पंपाने दिलेले ऑइल परत चेंबरमध्ये पडते. पंपाची चेन किंवा ड्राइव्ह तुटते. जाळीवर गाळ बसतो. ओढणाऱ्या पाइपची ओ-रिंग फाटून पंप हवा घेतो.

यातली कितीतरी कारणे आपल्याच हातची असतात. चेंबर बसवताना सिलिकॉन सढळ हाताने लावले की आत पिळलेला भाग तुटून जाळीवर जातो. फिल्टर बदलताना जुना रबर रिंग ब्लॉकला चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसला, तर दाबाने तो सटकून काही क्षणांत ऑइल रस्त्यावर सांडते. वर्षानुवर्षे उशिरा ऑइल बदललेल्या इंजिनात फ्लशचा (आतला गाळ सोडवणाऱ्या औषधाचा) डबा ओतला की सुटलेला गाळ थेट जाळीवर जाऊन बसतो. आणि कमी दाबावर उपाय म्हणून जास्त घट्ट ऑइल किंवा दाट करणारे औषध टाकणे तर रोग झाकणे आहे, कारण थंड सकाळी तेच ऑइल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते. बीएस-६ इंजिनाला तर कमी राख असलेले, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल हवे.

काढलेला ऑइल फिल्टर फेकून देऊ नये. तो कापून कागदाच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर उलगडाव्यात आणि उजेडात पाहाव्यात. तांबूस किंवा राखाडी चमक असेल आणि ती चुंबकाला चिकटत नसेल, तर बेअरिंगचा थर सुटू लागला आहे आणि चेंबर उतरवून बेअरिंग कॅप उघडण्यावाचून गत्यंतर नाही. काहीच चमक नसेल, तर इंजिन पूर्ण उघडण्याची घाई न करता जाळी, पाइप, पंप आणि व्हॉल्व्ह एवढेच आधी तपासावे.

काम झाल्यावर गाडी लगेच सुरू करू नये. फिल्टर उभा बसत असेल तर तो नव्या ऑइलने भरून लावावा आणि डिझेल बंद ठेवून थोड्या थोड्या वेळाने स्टार्टर फिरवत काटा वर येईपर्यंत थांबावे. मग इंजिन पूर्ण गरम करून आयडलिंगचा आणि २००० आरपीएमचा दाब, ऑइलची ग्रेड आणि किलोमीटर एका कागदावर लिहून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. टोमॅटोच्या त्या पिकअपच्या कागदावर आयडलिंगला १.४ बार आणि २००० आरपीएमला ३.२ बार असे लिहिले आहे, आणि पुढच्या वेळी दिवा लागला तर मेकॅनिकला तुलना कशाशी करायची, हे शोधावे लागणार नाही.