निर्जन ध्रुवीय बेटाला नाव कसं पडलं हे शोधायचं असेल तर

बरेच जण पहिल्या सर्च रिझल्टवरच थांबतात, अमक्याने शोधलं म्हणून अमक्याचं नाव, झालं. इतकं सरळ नसतं हो. अंटार्क्टिकाच्या वाटेवरचं बुवे बेटच घ्या, जेमतेम 49 चौ. किमी, जवळपास सगळं बर्फाखाली, वस्ती शून्य.

आधी तारीख बघा, नुसतं साल नको. फ्रेंच दर्यावर्दी बुवेला ते 1 जानेवारी 1739 ला दिसलं, पण धुकं आणि बर्फामुळे उतरता काही आलं नाही, बेट आहे हेसुद्धा कळलं नाही, त्याला वाटलं दक्षिणेकडच्या मोठ्या खंडाचं टोकच सापडलं. आता 1 जानेवारी म्हणजे चर्चच्या कॅलेंडरमध्ये येशूच्या सुंतेचा सण, म्हणून त्याने नाव दिलं केप सर्कमसिजन. म्हणजे स्वतःचं नाव त्याने दिलंच नव्हतं! त्यामुळे तारीख मिळाली की त्या दिवशी कुठला सण होता ते लगेच चेक करायचं. रशियन मोहीम असेल तर तारीख बहुतेक जुन्या ज्युलियन कॅलेंडरची असते, 19व्या शतकातली असेल तर आजच्या कॅलेंडरशी जुळवायला 12 दिवस मिळवा.

मग अक्षांश-रेखांश, खरा घोळ इथेच असतो. बुवेने जागा चुकीची नोंदवली, त्यामुळे पुढे कॅप्टन कुकला शोधूनही ते सापडलं नाही. 1825 मध्ये नॉरिस नावाचा इंग्रज कप्तान आला, तो त्याच बेटाला लिव्हरपूल आयलंड म्हणून मोकळा झाला, वर शेजारी थॉम्पसन नावाचं आणखी एक बेट नोंदवलं जे पुढे शोधूनही सापडलं नाही. नक्की जागा ठरली 1898 मध्ये, जर्मन वाल्दिविया मोहिमेत. म्हणून दोन नावं दिसली की लगेच दोन बेटं धरू नका, आधी आकडे जुळवा.

आजचं ऑफिशियल नाव मात्र ताबा कुणाचा यावर ठरतं. 1927 मध्ये नॉर्वेजियन लोक उतरले, हक्क सांगितला आणि नाव पडलं बुवेओया. अशा नावांसाठी नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूटचा ऑनलाइन डेटाबेस बेस्ट, आणि 60 अंश दक्षिणेच्या खालची जागा असेल तर स्कार या अंटार्क्टिक संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय समितीचं गॅझेटिअर, म्हणजे स्थळनावांची यादी बघा, त्यात एकाच जागेची वेगवेगळ्या देशांनी दिलेली नावं एकत्र मिळतात.

जुन्या प्रवासवर्णनांचे स्कॅन चाळताना आजचं नाव टाकून काही हाती लागत नाही, कुकच्या नोंदींमध्ये शोधायचं असेल तर केप सर्कमसिजनच टाका.