दाणे ठेवले चिमण्यांना, दबा धरून बसलं मांजर: या चुका टाळा

दाण्यांच्या ट्रेखाली सकाळी पिसं पडलेली दिसली की बहुतेकांचा पहिला संशय शिक्र्यावर, म्हणजे पक्षी मारून खाणाऱ्या छोट्या शिकारी पक्ष्यावर जातो. आरोप करण्याआधी त्यातलं एक पीस उचलून नीट बघा. शिक्रा भक्ष्य पायाखाली दाबून चोचीने एकेक पीस उपटतो. त्यामुळे पिसाचा देठ बुडापर्यंत शाबूत राहतो आणि पिसांचं रिंगण एकाच जागी पडतं. देठ मधेच चावल्यासारखा तुटलेला असेल, दोन-चार पिसं लाळेनं चिकटलेली असतील, तर ते काम मांजराचं. आमच्या गच्चीवर होल्याची पिसं सापडली तेव्हा सगळे देठ तुटलेले होते, आणि मी मात्र आठवडाभर आभाळाकडे बघत बसले होते!

हा पंचनामा करायचा कारण दोघांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

ट्रे कुंड्यांच्या गर्दीत ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती आपण फोटोसाठी करतो. जास्वंदीच्या फांदीला टांगलेलं भांडं छान दिसतं, पण त्याच जास्वंदीखाली मांजर तासभर दबा धरून बसू शकतं. पक्षी खाली मान घालून दाणे टिपत असताना त्याला फक्त एक झेप लागते. म्हणून ट्रे आणि झाडोरा यांच्यात दहा-बारा फूट मोकळी जागा हवी. त्याहून फार जास्तही नको, कारण शिक्रा आला की पक्ष्यांना शिरायला काहीतरी लागतं. बोगनवेल किंवा कागदी लिंबू असेल तर उत्तम. काट्यांत घुसायचा शिक्र्यालाही कंटाळा असतो.

बाल्कनीत दहा फूट कुठून आणायचे? तिथे ट्रे छताच्या हुकाला बारीक तारेनं टांगा आणि मग मांजराच्या नजरेनं बघा: कठडा, एसीचा डबा, उंच कुंडी, कपडे वाळत घालायचा स्टँड. यातलं काहीही पायरी म्हणून वापरता येत असेल तर ते हलवा. गच्चीवर खांब असेल तर तो गुळगुळीत लोखंडी पाइपचा असावा आणि जमिनीपासून चारेक फुटांवर त्याला पत्र्याचं रुंद, उलटं नरसाळं बसवावं. खांबाला ग्रीस मात्र कधीच फासू नका. ते पिसांना लागलं की पक्ष्याला ना धड उडता येतं, ना थंडी-पावसात ऊब धरता येते.

पाण्याचं भांडंही जमिनीवर नको. अंघोळ करून भिजलेला पक्षी जड उडतो आणि आयता सापडतो.

रात्रीसाठी दाणे सोडणं

सांडलेल्या बाजरीवर उंदीर येतात आणि उंदरांमागे धामण, कधी नाग. तळमजल्यावर किंवा बंगल्यात राहणाऱ्यांनी हे गंभीरपणे घ्यावं. सकाळी अर्ध्या-पाऊण तासात संपतील इतकेच दाणे घाला, खालचं झाडून घ्या आणि संध्याकाळी ट्रे घरात न्या. बाजारातल्या मिश्रणातले नको असलेले दाणे पक्षी चोचीनं खाली उडवतात. त्यापेक्षा नुसती बाजरी आणि तांदळाची कणी बरी. गव्हाणी घुबड उंदरांसाठी येऊ लागलं तर मी तरी आनंदच मानीन.

शिक्र्याला दगड मारणं

शिक्रा साधारण पारव्याएवढा. सरडे, टोळ, उंदीर, लहान पक्षी हे त्याचं रोजचं जेवण, आणि त्याच्या बऱ्याच झडपा फुकट जातात. तो 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. त्याला इजा करणं किंवा त्याचं घरटं पाडणं हा गुन्हा आहे. तो रोज यायला लागला तर दहा-पंधरा दिवस दाणे बंद ठेवा. पक्षी पांगले की तोही दुसरीकडे जातो.

बरं, आधी तो शिक्राच आहे ना? पावशा हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो, उडतो आणि बसतोही तसाच. लहान पक्षीसुद्धा फसून कलकलाट करतात. शिक्र्याची चोच आकड्यासारखी वाकडी, नख्या दणकट. पावशाची चोच त्यामानाने सरळ आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. ‘पेरते व्हा’ म्हणणाऱ्या बिचाऱ्याला हुसकावलेलं मी पाहिलंय.

शिक्र्याच्या धास्तीनं पक्षी सैरावैरा उडतात आणि काचेवर आपटतात. ट्रे एक तर खिडकीला अगदी लागून, तीन फुटांच्या आत ठेवा, म्हणजे त्यांना वेग घ्यायला जागाच राहत नाही. नाहीतर चांगला तीस फूट लांब.

घरट्यात रोज डोकावणं

याला कोणी चूक मानतच नाही. कुंडीत बुलबुलानं घरटं केलं की आपण पानं बाजूला सारतो, मोबाइल आत घालतो, पाहुण्यांना दाखवतो. समोरच्या तारेवरचा कावळा हे सगळं बघत असतो. माणूस पुन्हा पुन्हा कुठे वाकतो, हे त्याला पटकन कळतं. शिवाय सरकवलेली पानं परत जागेवर येत नाहीत, मग भारद्वाजालाही पिल्लं उघड दिसतात. पानांना हात लावू नका. दुर्बीण घ्या आणि खोलीतून बघा.

मांजराच्या तोंडून सुटलेला पक्षी लगेच सोडून देणं

जखम दिसत नसली तरी मांजराच्या दातांतले जिवाणू त्याच्या रक्तात गेलेले असू शकतात आणि एक-दोन दिवसांत तो दगावतो. त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. पशुवैद्य गाठा, किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

आमच्या पाइपला नरसाळं बसवलं तेव्हा शेजारच्या बोक्यानं दोनदा चढून पाहिलं, दोन्ही वेळा घसरला. आता तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून वर बघत असतो. चिमण्या दुसऱ्याच दिवशी आल्या. होल्यांना परत यायला तीन आठवडे लागले.