शहरात राहून आतड्यांतील जिवाणूंचे वैविध्य कसे जपावे

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा २०१६ मधील अंदाज आहे आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. शिकार, मध आणि कंदमुळांवर जगणाऱ्या टांझानियातील हाड्झा लोकांच्या आतड्यांत या जिवाणूंचे जे वैविध्य दिसते, ते शहरी माणसांत दिसत नाही. थायलंडमधून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग आणि कारेन समाजांतील स्त्रियांच्या २०१८ मधील अभ्यासात, स्थलांतरानंतर काही महिन्यांतच हे वैविध्य घटू लागल्याचे आणि आहारातील तंतू (फायबर) पचवणाऱ्या जाती मागे पडल्याचे आढळले. स्थूलता, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि आतड्यांचे दाहक आजार असलेल्यांमध्येही बहुधा हीच उणीव दिसते. ती भरून काढण्यासाठी शहर सोडण्याची गरज नाही. मात्र बदल कोणत्या क्रमाने करावा, याला महत्त्व आहे.

पहिली पायरी: आठवडाभराची नोंद

सात दिवसांत पोटात गेलेल्या वेगवेगळ्या वनस्पतिजन्य पदार्थांची यादी करावी. एकच धान्य कितीही वेळा खाल्ले तरी ते एकदाच मोजावे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, आठवड्याला ३० हून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांचे जिवाणू, दहा किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांच्या तुलनेत अधिक वैविध्यपूर्ण होते.

दुसरी पायरी: तंतुमय आहार सावकाश वाढवणे

सर्वाधिक लक्ष या पायरीकडे द्यावे, असे मला ठामपणे वाटते. आपल्याला न पचणारे तंतू मोठ्या आतड्यात पोहोचतात. तेथे जिवाणू ते आंबवून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार करतात, ज्यांतून आतड्याच्या अस्तराच्या पेशींना लागणारी बरीचशी ऊर्जा मिळते आणि दाहही आटोक्यात राहतो. तंतू मिळेनासे झाले, तर काही जिवाणू आतड्यावरील संरक्षक श्लेष्माचा (चिकट स्रावाचा) थरच खाऊ लागतात, हे उंदरांवरील प्रयोगांत स्पष्ट झाले आहे. हा परिणाम किती लवकर होतो, हे २०१५ च्या एका प्रयोगातून कळते. त्यात २० आफ्रिकन-अमेरिकन आणि २० ग्रामीण दक्षिण आफ्रिकी व्यक्तींच्या आहाराची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केली होती. एवढ्या अवधीतच, भरपूर तंतू खाणाऱ्या अमेरिकी गटात ब्युटिरेटची निर्मिती वाढली आणि आतड्याच्या अस्तरातील दाह कमी झाला, तर दुसऱ्या गटात नेमके उलट घडले.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू घेण्याचा सल्ला देते. त्यासाठी पांढऱ्या पिठाऐवजी कोंड्यासह दळलेले धान्य वापरावे, रोजच्या एका जेवणात कडधान्य ठेवावे आणि सालीसह खाता येणारी फळे सालीसहच खावीत. हे सारे एकाच दिवशी सुरू केल्यास पोट फुगते, वायू होतो आणि मनुष्य कंटाळून प्रयत्न सोडतो. म्हणून दर तीन-चार दिवसांनी एकच नवा पदार्थ वाढवावा आणि पाणीही वाढवावे.

तिसरी पायरी: आंबवलेले पदार्थ

२०२१ मध्ये ३६ निरोगी प्रौढांवर झालेल्या प्रयोगात, १० आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्या गटातील जिवाणूंचे वैविध्य वाढले आणि रक्तातील दाहदर्शक प्रथिने घटली; केवळ तंतू वाढवलेल्या गटात सरासरी वैविध्य तितके वाढले नाही. म्हणून या दोन्ही पायऱ्या एकत्र चालवाव्यात. दही किंवा आंबवलेल्या भाज्या तापवल्यास जिवाणू मरतात, त्यामुळे ते पदार्थ न शिजवता घ्यावेत. त्याच सुमारास पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी करावेत; त्यांत वापरली जाणारी काही पायसीकारक द्रव्ये (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारी) उंदरांमध्ये श्लेष्माचा थर पातळ करतात.

चौथी पायरी: प्रतिजैविकांचा विचारपूर्वक वापर

सर्दीसारख्या विषाणूजन्य आजारांवर प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) चालत नाहीत, पण आतड्यातील उपयुक्त जिवाणू मात्र मारतात. उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. डॉक्टरांनी खरोखर गरज म्हणून दिलेले औषध मात्र अवश्य घ्यावे.

पाचवी पायरी: मातीचा सहवास

फिनलंडमधील पाळणाघरांच्या अंगणात जंगलातील माती व गवत आणल्यावर अवघ्या २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरील जिवाणूंचे वैविध्य वाढले आणि रोगप्रतिकारशक्तीच्या नियमनाशी संबंधित रक्तातील खुणाही सुधारल्या, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. कुंड्यांत भाजी लावणे आणि मुलांना बागेत मातीत खेळू देणे शहरातही शक्य आहे. याचा अर्थ स्वच्छता सोडणे असा मुळीच नाही. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

आतड्यांचा दाहक आजार असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी यांतील प्रत्येक बदल डॉक्टरांना विचारून करावा. शौचात रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे किंवा शौचाची सवय बरेच आठवडे बदललेली राहणे, अशा वेळी आहारातील प्रयोग थांबवून तपासणी करून घ्यावी. मधुमेहाची औषधे चालू असतील, तर आहार बदलल्यावर रक्तशर्करा अधिक वेळा तपासावी आणि औषधाची मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.