क्रेडिट कार्ड रिजेक्ट झालं? दुसरीकडे अप्लाय करायच्या आधी हे करा

"आमच्या इंटरनल पॉलिसीनुसार तुमचा अर्ज मंजूर होऊ शकला नाही." माझ्या वहिनीला हा मेसेज आला आणि तिने लगेच दुसऱ्या बँकेत टाकलं, मग तिसऱ्या, आठवड्यात चार नकार. असं अजिबात करू नका. प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी, म्हणजे बँकेने केलेली चौकशी, तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर (कर्जं-कार्डं कशी फेडली त्याची नोंद) चढते आणि पुढची बँक ती बघूनच मागे सरते.

आधी कारण मागा, ईमेलवर. आरबीआयच्या कार्ड नियमांत आहे की अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं, "इंटरनल पॉलिसी" हे काय नेमकं कारण झालं का? दोन ओळी पुरतात: अमुक तारखेचा, अमुक नंबरचा अर्ज नाकारलात, आरबीआयच्या नियमानुसार नेमकं कारण लेखी द्या. कस्टमर केअरला फोन करून वेळ घालवू नका, फोनवरचं काही हातात राहत नाही.

उत्तर येईपर्यंत रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या हा रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्या, चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यांच्याच साइटवरून घ्या. नुसता स्कोअर बघून काही कळत नाही, एकेक खातं उघडून बघा, कुठे "सेटल्ड" (कमी पैशांत मिटवलेलं) किंवा "राइट ऑफ" (बँकेने बुडीत धरलेलं) लिहिलंय का, न घेतलेलं कर्ज दिसतंय का. वहिनीच्या रिपोर्टमध्ये जुन्या मोबाइलच्या ईएमआयचं खातं उघडंच होतं, हप्ते सगळे भरलेले पण लेट फीचे ४१३ रुपये राहिलेले, तीन वर्षं ओव्हरड्यू. तिला पत्ताच नव्हता! पैसे भरले, नो ड्यूज लेटर घेतलं आणि ते जोडून रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीकडे डिस्प्यूट, म्हणजे नोंद दुरुस्त करायची तक्रार, टाकला. अशी तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, म्हणून तक्रारीचा नंबर जपून ठेवा.

आता बँकेला नाही म्हणायचा हक्क असावा का? माझ्या मते असावा. साधं कार्ड म्हणजे तारण न घेता दिलेली उधारी, पैसे त्यांचे, जोखीम त्यांची. पण तुमचा पिनकोड "निगेटिव्ह एरिया"त (बँकेने जोखमीचा ठरवलेला भाग) येतो किंवा तुम्ही वकील आहात म्हणून नाकारायचं आणि वर गप्प बसायचं, हे मला अजिबात पटत नाही. एका वस्तीतल्या हजारो लोकांना एकाच फटक्यात बाद करता तर निदान तोंडावर सांगा ना.

तक्रार करताना इथेच लोक चुकतात. "कार्ड दिलं नाही" अशी तक्रार आरबीआयच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणारा अधिकारी) टिकत नाही, कारण तो बँकेचा व्यावसायिक निर्णय धरला जातो. "नेमकं कारण लेखी दिलं नाही" अशी लिहा. आधी बँकेकडे, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे, आरबीआयच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर, फुकट आहे, माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

आणि कार्ड खरंच हवं असेल तर एफडी तारण ठेवून मिळणारं घ्या, त्याला स्कोअर फारसा आड येत नाही. वहिनीने तेच घेतलं, लाइटबिल आणि सिलिंडर एवढंच त्यावर टाकते आणि बिल आलं की पूर्ण भरते, मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरून सोडत नाही.