बुद्धिबळाच्या बोर्डवर रोमन युद्धखेळ : लॅट्रुनक्युली कसा मांडायचा, कसा खेळायचा

घरात बुद्धिबळाचा बोर्ड असेल तर दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक खेळायचे तो युद्धखेळ तुम्ही आज संध्याकाळीच मांडू शकता, विकत काही आणायला नको. खेळाचं नाव लॅट्रुनक्युली. पूर्ण लॅटिन नाव लुडस लॅट्रुनक्युलोरम, म्हणजे शिपायांचा खेळ, जुन्या लॅटिनमध्ये लॅट्रो म्हणजे भाडोत्री सैनिक आणि पुढे त्याच शब्दाचा अर्थ लुटारू असा झाला. यात फासे नाहीत, त्यामुळे नशिबाचा भाग शून्य. दोन्हीकडे नुसती प्यादी, सगळी सारख्याच ताकदीची.

एक गोष्ट आधीच सांगतो, या खेळाचे पूर्ण नियम कुठल्याच रोमन लेखकाचे आपल्यापर्यंत आलेले नाहीत. रोमन विद्वान व्हॅरो पटावरच्या रेघांबद्दल बोलतो, कवी ओव्हिड सांगतो की दोन शत्रूंच्या मध्ये सापडलेलं प्यादं मरतं, आणि पिसो नावाच्या माणसाच्या स्तुतीत लिहिलेल्या एका जुन्या कवितेत काचेचे शिपाई एकमेकांना कसे बांधतात याचं फार सुंदर वर्णन आहे. असे तुकडे जोडून संशोधकांनी खेळ पुन्हा उभा केलाय. मी खाली देतोय ते साधारण पुरातत्त्वज्ञ उलरिख शेडलर यांच्या मांडणीप्रमाणे, कारण ते या जुन्या वर्णनांशी छान जुळतं आणि खेळायलाही मजा येते.

आधी सामान. बोर्ड ८×८ चा चालतो. ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळच्या रोमन ठाण्यांत दगडावर कोरलेले असे चौकटींचे पट सापडलेत, आपल्याकडे नाणेघाटात कातळावर मंकला या बिया टाकत खेळायच्या खेळाचे खळगे दिसतात ना, तसेच वेळ घालवायला कोरलेले असणार. प्यादी प्रत्येकी १६. कॅरमच्या एका सेटमध्ये एका रंगाच्या ९ च सोंगट्या असतात त्यामुळे दोन सेट लागतील, त्यापेक्षा कोल्ड्रिंकची झाकणं सगळ्यात बेस्ट, दोन रंगांची १६-१६ जमवा, कारण खेळताना प्यादं उलटं करून ठेवावं लागतं आणि झाकण उलटं केलेलं लांबूनही दिसतं.

आता मांडणी. बुद्धिबळासारखी सुरुवातीची ठरलेली जागा नाही, बोर्ड पूर्ण रिकामा ठेवायचा आणि दोघांनी आळीपाळीने एकेक प्यादं कुठल्याही रिकाम्या घरात ठेवायचं. या टप्प्यात कोणी कोणाला पकडत नाही. नवीन माणूस इथेच घाई करतो, पटापट सगळीकडे प्यादी पसरून मोकळा होतो, पण अर्धी लढाई इथेच ठरत असते त्याबद्दल पुढे बोलू.

सगळी प्यादी लागली की चाली सुरू. प्यादं एक घर सरकतं, पुढे मागे किंवा बाजूला, तिरकं नाही. नाहीतर शेजारच्या एका प्याद्यावरून, ते आपलं असो की समोरच्याचं, उडी मारून लगेच पलीकडच्या रिकाम्या घरात जायचं, आणि तिथून पुन्हा उडी मिळत असेल तर त्याच चालीत पुढेही जाता येतं. ओळीने दोन प्यादी चिकटून असली तर त्यांच्यावरून उडी नाही. उडीने कोणी मरत नाही हे मात्र डोक्यात पक्कं ठेवा, ड्राफ्ट्स म्हणजे चेकर्स (ज्यात उडी मारली की प्यादं मरतं) खेळलेले लोक इथे हमखास चुकतात.

आता खेळाचा जीव. समोरच्याच्या प्याद्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना, म्हणजे डावी-उजवी किंवा वर-खाली, तुमची दोन प्यादी आली की ते बांधलं गेलं. ते उलटं करून ठेवा, आता त्याला हलता येत नाही आणि कोणाला बांधताही येत नाही. पण ते लगेच उचलायचं नाही! मध्ये समोरच्याची एक चाल आहे. तुमची पुढची पाळी आली आणि ते अजून बांधलेलंच असेल तर चाल करण्याऐवजी ते बोर्डवरून उचला, म्हणजे उचलण्यातच तुमची पाळी गेली. तेवढ्या एका चालीत समोरचा सुटकेचा प्रयत्न करतो, तुमच्या त्या दोन पहारेकऱ्यांपैकी एकाला त्याने वरून-खालून बांधलं की पकड सुटली, त्याचं प्यादं पुन्हा सुलटं आणि तुमचंच उलटं. मला या खेळात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, की पकडणं आणि मारणं यात एका श्वासाचं अंतर आहे आणि सगळी बुद्धी तिथेच लागते.

दोन शत्रूंच्या मध्ये आपणहून जाता येत नाही, फक्त एकच सवलत, तिथे जाऊन त्या दोघांपैकी निदान एक तरी बांधला जात असेल तर जायचं, आणि आत गेलेलं प्यादं मोकळंच राहतं. त्या स्तुतीच्या कवितेत अगदी हाच डाव आलाय, बांधल्यासारखं दिसणारं प्यादं स्वतःच दोघांना बांधतं. हा डाव एकदा स्वतःच्या हाताने साधून बघा.

सारीपाट खेळलेल्यांना जुग माहीत असेल, दोन सोंगट्या एकत्र असल्या की त्यांना सहज धक्का लागत नाही. इथेही तोच विचार चालतो. एकटं प्यादं चारही बाजूंनी उघडं, आडव्या जोडीला आडवं कोणी बांधू शकत नाही पण उभं बांधू शकतं, आणि चार प्याद्यांचा २×२ चौकोन असेल तर त्यातलं एकही प्यादं बांधता येत नाही, कारण प्रत्येकाच्या एका आडव्या आणि एका उभ्या बाजूला आपलाच माणूस उभा आहे. म्हणून मांडणीतच दोन-तीन चौकोन पक्के करून घ्या आणि उरलेली प्यादी मोकळी ठेवा, कारण पाळी सोडता येत नाही आणि सगळी चौकोनात अडकवली तर हलवायला काही उरत नाही मग स्वतःचाच चौकोन फोडावा लागतो. कडेचं प्यादं फक्त कडेच्या रेषेतच बांधलं जातं. कोपऱ्यातल्याला समोरासमोरून बांधता येतच नाही, आमच्याकडे आम्ही ठरवलंय की त्याच्या दोन्ही शेजारच्या घरात शत्रू आला की ते बांधलं, नाहीतर लोक कोपऱ्यात जाऊन बसतात.

ज्याच्याकडे एकच प्यादं उरलं तो हरला. डाव अर्धवट सोडावा लागला तर प्यादी मोजायची. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने लिहून ठेवलंय, सम्राट कॅलिगुलाने ज्युलियस कॅनस नावाच्या माणसाला मृत्यूची शिक्षा दिली होती, शिपाई न्यायला आले तेव्हा तो हाच खेळ खेळत बसलेला, उठताना त्याने प्यादी मोजली, सोबत्याला म्हणाला मी गेल्यावर तू जिंकलास असं खोटं सांगू नकोस, आणि आलेल्या अधिकाऱ्याला साक्षी ठेवलं की मी एका प्याद्याने पुढे होतो.

पहिले दोन डाव १२-१२ प्याद्यांवर खेळा, उलट-सुलट करायची सवय होऊ द्या, मग १६ वर या. २४ प्याद्यांचा डाव पण होतो पण त्यात बोर्ड इतका भरतो की सुरुवातीला सरकायलाच जागा नसते आणि सगळा खेळ उड्यांवर येतो, तो चांगला सराव झाल्यावरच घ्या.